सावकाश बाहेर या

विमानतळ लहानसाच. त्यात पैसे बदलून देणाऱ्या खिडकीला खेटून एक अरुंद टेबल होतं आणि त्यामागे बसणाऱ्या बाईंना सगळेच गाडीवाल्या मावशी म्हणत. कच्च्याबच्च्यांना घेऊन परदेशातून उतरलेल्यांना मुक्कामी पोचवायचं आणि परतीच्या दिवशी पुन्हा विमानापाशी आणून सोडायचं, हे त्यांच्या कंपनीचं काम. गाडी काय, कुणीही देतं. मावशी आधी विचारत, मूल केवढं आहे, त्याला गाडी लागते का, झोपेतून उचललं तर रडतं का.

तरुणपणी अनोळखी मुलखात दोन पोरं कडेवर-बोटाशी घेऊन त्या स्वतः रस्त्याच्या कडेला ताटकळल्या होत्या. ठरवलेली गाडी आलीच नव्हती. ती पोरं आता बाप्ये झाली होती, फोन करायची सवड काढावी लागण्याइतकी. पण त्या ताटकळण्यातून एक निरोप जन्मला होता. विमान टेकलं की तो प्रत्येक कुटुंबाच्या फोनवर आपोआप जायचा: ‘घाई करू नका. मुलांचं आवरा, त्यांना काही खाऊ घाला आणि सावकाश बाहेर या. गाडी थांबलेली आहे.’ एवढ्या दोन ओळींसाठी कितीतरी आयांनी टेबलापाशी येऊन मावशींचे हात हातात घेतले होते.

दर सुट्टीत येणारं एक चौकोनी कुटुंब होतं. यंदा त्यांची बुकिंगं दोन आली. आधी बाप आणि मुलगा उतरले.

“मावशी, छकुली कधी येणार?” मुलानं टेबलावर हनुवटी टेकून विचारलं.

“बाबांना विचार की.”

“ते म्हणतात आईला विचार. आई म्हणते बाबांना विचार.”

मावशींनी पाहिलं. ज्या सकाळी हे दोघं परत जाणार, त्याच सकाळी आई आणि धाकटी छकुली उतरणार होत्या. घरं वेगळी झाल्यापासून भावंडं भेटली नव्हती. आणि बाप दुसऱ्याच देशात नोकरी धरून मुलाला घेऊन निघाला होता. पुढच्या सुट्टीचं बुकिंग नको, असं त्यानं सांगूनच टाकलं होतं.

“आपण गाड्या जुळवतो, मावशी,” त्यांचा ड्रायव्हर म्हणाला. तोंड कधी बंद नसायचं म्हणून त्याला रेडिओ म्हणत. “माणसं जुळवायला बसलात तर धंदा बसेल.”

“माणसं जाऊ देत खड्ड्यात. पोरांना दोन मिनिटं भेटू दे.”

त्यांनी दोघांनाही फोन केला. बाप म्हणाला, “थांबेन. पण विमान चुकवणार नाही.”  आई म्हणाली, “टेबलापाशी भेटू दे. मी लांब उभी राहीन.”

त्या सकाळी रेडिओनं बापलेकाला वेळेच्या कितीतरी आधी आणून सोडलं. मुलगा तडक टेबलाखाली शिरला.

“ती आली की मी भॉक करणार. तुम्ही हसायचं नाही हं.”

“मी कशाला हसतेय?” असं म्हणताना मावशी हसतच होत्या.

विमान वेळेवर उतरलं. माणसं बाहेर आली, पांगली. वैमानिकही बॅग ओढत निघून गेला. त्या दोघी काही दिसेनात. मावशींनी फोन लावला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. मग एकदम त्यांना आठवलं. निरोप गेला होता. नेहमीसारखा, आपोआप. तो थांबवायचं त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

“ती मुद्दाम करतेय,” बाप म्हणाला.

“नाही हो, माझंच चुकलंय, जरा—”

“आत रांग बघा केवढी आहे.” त्यानं वाकून मुलाचा दंड धरला.

मुलगा रडला नाही. जाताना मागे वळून म्हणाला, “मी कुठं लपलो होतो ते सांगू नका तिला. पुढच्या वेळी लागेल.”

पुढची वेळ कुठली? मावशींनी ‘बरं’ म्हणून मान हलवली.

आई आणि धाकटी बाहेर आल्या तेव्हा छकुलीचं तोंड स्वच्छ धुतलेलं होतं. दोन घट्ट वेण्या, घडीचा फ्रॉक.

“गेला?” आईनं विचारलं.

“आत्ताच.”

“विमानात उलटी झाली तिला. तशीच कशी नेणार भावासमोर? तुमचा निरोप वाचला, म्हटलं, वेळ आहे.” ती थांबली. “तुम्हीच पाठवला होतात ना?”

“मीच.”

तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिला खरंच वेळ आहे असं वाटलं होतं की तिनं तो मुद्दाम काढला, हे विचारायचं तोंड मावशींना उरलं नव्हतं.

त्यांनी छकुलीला प्रस्थानाच्या काचेच्या दारापाशी नेलं. पहारेकऱ्यानं तिकिटासाठी हात पुढे केला. मावशी त्याला ओळखत होत्या, तोही त्यांना. तरी त्यानं मान हलवली. “नाही जमणार, मावशी.”

“दादा यातून कधी बाहेर येणार?” छकुलीनं विचारलं.

“यातून फक्त आत जातात, बाळा.”

“मग मी जाते आत.”

दार सरकलं, एक माणूस गेला, दार मिटलं. पुन्हा सरकलं. दर वेळी ती गुडघ्यांवर हात ठेवून आत वाकून बघायची. मागून आई म्हणाली, “चल गं.” ती हलली नाही. आईनं पुन्हा हाक मारली नाही. मावशीही तिथंच उभ्या राहिल्या, तिला उचलून न्यायचं कुणी, हे न कळल्यासारख्या.