श्रीच्या मापाचा मथळा

स्टाइलशीटच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये असं माझं तेव्हा मत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडंफार आजही आहे. उस्मानपुऱ्यात एका दवाखान्याच्या वर आमचं तीन टेबलांचं ऑफिस होतं. कारखान्यातले लोक आपापल्या मशिनची माहिती वर्डच्या फायलींत लिहायचे आणि आम्ही त्या फायली हेल्प, म्हणजे मशिनच्या पडद्यावर वाचायची माहितीपुस्तिका, बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडायचो. मूळ फाइल त्यांचीच राहायची. त्यांनी तिच्यात काही बदललं की इकडं एक बटण दाबायचं, आमची पानं नवी व्हायची. वर्डमधला कुठला मथळा पडद्यावर कसा दिसणार, नवं पान कुठून सुरू होणार, हे सगळं मी बसवलेल्या स्टाइलशीटवरून ठरायचं. त्यामुळं मी जरा तोऱ्यातच असायची.

वाळूजच्या एका भट्टीचं काम माझ्याकडं आलं ते दुष्काळाच्या लागोपाठ दुसऱ्या उन्हाळ्यात. शहर चारी बाजूंनी पसरत होतं, नव्या इमारतींच्या फलकांवर चोवीस तास पाण्याची जाहिरात असायची, आणि आमच्या नळाला पाणी कधी येईल ते शेजारणीला फोन करून विचारावं लागायचं. कारखान्यांचंही पाणी कापलेलं होतं. ही भट्टी विजेवर लोखंड वितळवायची. तिच्याभोवतीच्या तांब्याच्या नळ्यांतून थंड पाणी सतत फिरत राहावं लागायचं. पाणी थांबलं आणि वीज चालू राहिली, तर नळी फुटून ते लोखंड समोरच्या माणसांच्या अंगावर उडणार. म्हणून अख्ख्या हेल्पमध्ये एकच पान खरं महत्त्वाचं होतं, पाणी गेलं तर काय करायचं त्याचं.

ते लिहिणारे काका भट्टीचे सुपरवायझर होते. सोयगावकडचे, घरी शेती, निवृत्तीला थोडेच महिने उरलेले. "ताई, मी हाय तोवर माणसं मला विचारतेत," ते म्हणायचे. "मी गेल्यावर त्या पडद्याला विचारतील. तेवढं एक पान लई नीट करा."

काकांची एक सवय होती. पहिल्या ओळीत ॥ श्री ॥ लिहिल्याशिवाय त्यांचा हात पुढं सरकायचा नाही. वहीत नाही आणि वर्डमध्येही नाही. देवाचं नाव बारीक अक्षरात कसं लिहायचं, म्हणून त्यांनी श्रीला यादीतली सगळ्यांत मोठी स्टाइल दिलेली, मथळा एक. बाकीचे मथळे त्याच्याखालच्या, दोन नंबरच्या मापात. आमचं सॉफ्टवेअर मथळा एक दिसला की नवं पान पाडायचं. मी पहिल्यांदा फायली जोडल्या तर अनुक्रमणिकेत एकाखाली एक एकोणीस श्री. आमचे साहेब मागं उभे होते. म्हणाले, "भट्टीची हेल्प आहे का लग्नपत्रिका?" माझं डोकंच फिरलं. मी सगळ्या फायलींतले श्री पुसून टाकले. चार दिवसांनी काकांनी काही दुरुस्तीसाठी फायली उघडल्या, पहिली ओळ मोकळी बघितली, आणि बिचाऱ्यांनी सगळे श्री परत लिहिले.

मग मी माझं डोकं चालवलं. स्टाइलशीटमध्ये लिहून टाकलं की मथळा एक पडद्यावर दाखवायचाच नाही, अनुक्रमणिकेतही घ्यायचा नाही, आणि पानं दोन नंबरच्या मथळ्यापासून पाडायची. श्री फायलीत राहिला, पडद्यावरून गेला. कुणाला काही सांगायची गरजच नाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले की सगळ्या ऑफिसला चहा पाजला. नंतर काकांनी एकदा कळवलं, पाण्याच्या फायलीवर शेवटचा हात फिरवलाय. मी बटण दाबलं आणि मोकळी झाले. पानं उघडून बघितली नाहीत.

काम दाखवायला मी वाळूजला गेले. भट्टी थंड होती. काकांनी एका ऑपरेटरला पडद्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "समज, पाणी गेलं. शोध."

त्याचं बोट खाली गेलं, वर आलं. "काका, नाय इथं."

मला वाटलं, याला शोधता येत नाही. मी त्याला बाजूला सारून स्वतः बघितलं. खरंच नव्हतं. शेवटी सापडलं ते आधीच्या 'साफसफाई' या पानाच्या तळाशी, झाडू आणि फावडं कुठं ठेवायचं त्याच्याखाली, बिनमथळ्याचं. मी काकांची मूळ फाइल उघडली. 'पाणी गेलं तर' हा मथळा त्यांनी मथळा एकमध्ये केला होता.

"काका, हा एवढाच मोठ्यात का केलात?"

"माणसांचा जीव वाचायची गोष्ट हाय ती," काका म्हणाले. "म्हणून श्रीच्या बरोबरीनं लिवली."

मी ऑपरेटरसमोरच सांगून टाकलं, की श्री दिसू नये म्हणून ते माप मीच लपवलंय, आणि त्याच्याबरोबर हा मथळाही लपला, म्हणून नवं पान पडलंच नाही. काका भडकतील असं वाटलं होतं.

"व्हय का," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "एक फोन करायचा की, ताई."

"मी श्रीला वेगळी स्टाइल देते, काका. पाच मिनिटांचं काम आहे." आणि ते खरोखरच पाच मिनिटांचं होतं, तेच तर मला खात होतं.

"नको. उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी येईल, अजून काही लपवील."

ते खुर्चीवर बसले. चष्मा पुसला. एकेक फाइल उघडून आपल्या हातानं श्री काढत गेले, आणि दर वेळी बोटं कपाळाला लावत गेले. एकोणीस वेळा. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी तिथंच बसून स्टाइलशीटमधली मथळा एक लपवायची ओळ काढली, बटण दाबलं, आणि पाण्याचं पान सगळ्यांत वर घेतलं.

"आता शोध," काका ऑपरेटरला म्हणाले.

त्यानं पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.