हुकूमशहा, मी आणि पहिली पंचमी

परवा रविवारी दुपारी नातवाने टीव्हीवर एक सिनेमा लावून दिला आणि स्वतः मोटर बघायला शेतात निघून गेला. सिनेमा कुठल्याशा परदेशातल्या जुन्या काळच्या हुकूमशहाचा होता. देश कुठला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळीकडे बर्फ होता आणि त्या बर्फातली माणसं फर्डं हिंदी बोलत होती.

बघायला आम्ही तिघी. खुर्चीत मी, सतरंजीवर शेंगा फोडत सून, आणि दाराला टेकून नातसून. माझे गुडघे गेल्यापासून घराचं राज्य सुनेकडे आहे. मी आता नुसती आशीर्वाद द्यायच्या कामाची उरले आहे.

त्या दिवशी घरात जरा तंग हवा होती. नातसुनेची लग्नानंतरची पहिली नागपंचमी आली होती, आणि आमच्याकडे पहिली पंचमी माहेरी करायची रीत आहे. भाऊ न्यायला येतो, लेकी जमतात, लिंबाला झोके बांधतात. पोरीने चार दिवसांपूर्वीच पिशवी भरून खाटेखाली सारून ठेवली होती. तिचा भाऊ देवळालीहून संध्याकाळी फोन करून, कधी येऊ, असं विचारणार होता. आणि सकाळीच सुनेने जाहीर केलं होतं की कपाशीत तण माजलंय, खुरपायला बायका मिळेनात, तेव्हा पंचमीचं पुढच्या वर्षी बघू. पहिली पंचमी पुढच्या वर्षी येत नसते, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. पण बोललं कुणी नाही. मीही नाही. मला सिनेमा बघायचा होता.

हुकूमशहा दालनात आला आणि तीस-चाळीस मिशाळ माणसं ताडकन उभी राहिली. काय लाचार जात आहे, असं मी मोठ्याने म्हटलं. सुनेने शेंग फोडता फोडता माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मला आठवलं. मी बेचाळिसाव्या वर्षी सासू झाले तेव्हा माझा नियम होता, मी देवपूजा करून बाहेर आले की सुनेने चुलीपुढून उठून उभं राहायचं. पिठाचे हात तसेच, तव्यावर भाकरी करपते आहे, पण उभं राहायचं. मला वाटायचं, काय आपला दरारा! दरारा कसला, दर सकाळी एक भाकरी जळत होती आणि ती मी नवऱ्याच्या ताटात वाढत होते.

पुढे तो गडी स्वतःच्या कपाटांना लाख लावून वर अंगठीचा शिक्का मारू लागला, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. मला त्याची कीव आली. एवढा मोठा राजा, आणि लाख वितळवत बसतो. माझी युक्ती बिनखर्ची होती. बाजरीच्या पिठाच्या डब्यात पीठ सपाट करायचं आणि वर आपला पंजा उमटवून झाकण लावायचं. सुनेला दोन भाकरी पुरतात असा शोध मी लावला होता. तिने तिसरीसाठी पीठ घेतलं की पंजा मोडणार आणि चोर सापडणार. तीन वर्षं पंजा एकदाही मोडला नाही. हे मी चारचौघींत अभिमानाने सांगायची.

त्या दुपारीही सांगितलं. तेव्हा सून हसायला लागली. इतकी हसली की शेंगांचं सूप कलंडलं.

"आत्या, तो पंजा मामांचा हुता," ती म्हणाली. "तुमी देवळात गेल्या की मामाच पीठ काढून द्यायचे, अन् वर आपला हात दाबायचे. तुमचा अन् त्यांचा हात एका मापाचा."

म्हणजे माझा नवरा फितूर होता. तीन वर्षं मी रोज त्याच्या हाताची खातरजमा करून समाधानाने झाकण लावत होते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. आता जाब तरी कुणाला विचारायचा? नातसून तोंडाला पदर लावून हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

तेवढ्यात पडद्यावर एक कारकून हुकूमशहापुढे आला. त्याची आई आजारी होती, त्याला दोन दिवस घरी जायचं होतं. हुकूमशहाने सूप पीत पीत सांगितलं की राज्याचं काम आधी. कारकून मान घालून गेला. नातसुनेचं हसू गेलं आणि ती पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली. सून तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग कुणी काही विचारलं नसताना म्हणाली,

"मी तरी कुठं गेल्ते पहिल्या पंचमीला? तुमची कंबर धरली हुती. न्हाई गेले. काय बिघडलं माझं?"

आता ही कंबर. सुनेचा भाऊ पुणतांब्याहून एसटीने तिला न्यायला आला, त्या सकाळी मी खाटेवर आडवी झाले आणि कण्हायला लागले. बिचारा ओट्यावर चहा पिऊन आल्या वाटेने परत गेला. सुनेने नेसलेलं नवं लुगडं सोडून ठेवलं आणि चार दिवस माझ्या कमरेला वाळूची पुरचुंडी तापवून शेक दिला. मी कण्हण्यात कसूर केली नाही. बाहेर लिंबाखाली बायका झोक्यावर गाणी म्हणत होत्या, मला जायचं होतं, पण जाणार कशी? कंबर धरलेली. स्वतःच्या हुकमाने स्वतःच चार दिवस कैदेत पडलेला दुसरा हुकूमशहा कुठल्या देशात झाला नसेल.

हे मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. सून अजून मला आंघोळीचं पाणी काढून देते. पण आत पोर माठापाशी उभी होती आणि ग्लास काही वाजत नव्हता.

"माझी कंबर धरली न्हवती," मी म्हणाले.

सुनेला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. माझ्या सासूने मला पहिल्या पंचमीला सोडलं नव्हतं. आपणही एकदा कुणाला नाही म्हणून बघावं, एवढंच मनात होतं. बघितलं. लई काही मजा नव्हती त्यात.

"व्हय?" एवढंच ती म्हणाली. रिमोट उचलून तिने टीव्ही बंद केला. हुकूमशहाचं पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा नातसून तो हातात धरून नुसती उभी राहिली. सुनेने तिच्या हातातून घेतला.

"उद्या सकाळीच या," तिने पोरीच्या भावाला सांगितलं. "अन् गाडीत एक जागा जादा ठेवा. मला पुणतांब्याला सोडा."

तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. कपाशीचं काय, माझ्या लेकाच्या अन् नातवाच्या जेवणाचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी आली. सून ठेवणीतलं पातळ नेसून पुढच्या सीटवर बसली, नातसून पिशवी मांडीवर घेऊन मागे. मला परवानगी कुणी विचारली नाही. तरी गाडी हलली तशी मी दारातून, सवयीने, जा म्हणून मान हलवली.