धोटा कुठे पडेल

सुरैयाला नुसती, बिननावाची काळजी कधी जमलीच नाही. तिच्या भीतीला नेहमी एखादी ठरावीक वस्तू लागे. लेक रमशा रांगायला लागली तेव्हा ती वस्तू म्हणजे पाण्याचं पिंप होतं. शाळेत जायला लागली तेव्हा भिवंडीतल्या नारपोलीच्या नाक्यावर वळणारे टेम्पो होते. आणि भीती वाटली की सुरैया त्या वस्तूपासून लांब पळत नसे, उलट जवळ जाऊन तिला न्याहाळत बसे. टेम्पोंच्या वेळी ती पानवाल्याच्या टपरीशेजारी उभी राहून, वळताना त्यांचं मागचं चाक कुठवर घसरतं ते बघून आली होती. मगच तिने लेकीला कुठल्या खांबामागे थांबायचं ते शिकवलं. "भाभी को तो ट्रॅफिक पुलिस में होना चाहिए," पानवाला म्हणाला होता.

रमशा अकरावी सायन्सला गेली ते साल २००६. त्या वर्षीची वस्तू होती धोटा.

सुरैयाचा नवरा अय्यूब याच्या शेडमध्ये आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, होते आणि शेडच्या मागे दोन खोल्यांचं घर. एका खोलीत सासूबाई आणि त्यांचा टीव्ही, दुसरीत स्वयंपाक आणि दोन दंगेखोर धाकटे. म्हणून रमशाचं टेबल शेडच्या टोकाला, खिडकीखाली होतं, जिथे तयार कापडाचे तागे भिंतीला टेकवून उभे करत. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटलं असतं. पण भिवंडीचं मूल लूमच्या खटखटीतच झोपतं आणि लाइट जाऊन लूम थांबले की दचकून उठतं. "घरात आवाज असतो," रमशा म्हणायची, "शेडमध्ये फक्त खटखट असते."

धोटा म्हणजे लाकडाची वीतभर लांब होडीच. पोटात सुताची कांडी आणि दोन्ही टोकांना पोलादी चोच. लूमची दांडी त्याला फटका मारते, तो उभ्या धाग्यांमधून पलीकडच्या पेटीत जातो, तिथून फटका खाऊन परत येतो, आणि दिवसभर हेच. कधी धागा तुटून आडवा येतो, कधी फटका वाकडा बसतो आणि धोटा लूमच्या बाहेर उडतो. वस्तीत एखाद्या कारीगराचा पुढचा दात नसला तर का नाही ते कुणी विचारत नसे.

त्या दिवशी टोकाच्या लूमवर अफजल होता. लाइट गेली, त्याने लूमचं हँडल बंद केलं नाही, आणि लाइट आली तेव्हा लूम आपोआप अर्धवट जोराने सुरू झाला. दोन-चार फेऱ्या झाल्या आणि धोटा उडाला. रमशाच्या टेबलाशेजारच्या ताग्यात तो चोचीने घुसला आणि मग खाली पडला. रमशाच्या कोपरापासून हातभर अंतरावर.

कुणाला काही झालं नाही. अफजल कान धरून उभा राहिला. "गलती हो गई भाभी, माफ करो."  सुरैयाने धोटा उचलला, हातात तोलून पाहिला आणि लेकीला म्हणाली, "ऊठ. टेबल आत."

"आत कुठे? आजीच्या मांडीवर?"

"कल्याणला खालाकडे जा," अय्यूबने सुरैयाच्या बहिणीचं घर सुचवलं. "परीक्षेपर्यंत तिकडेच राहा."

"आणि कॉलेज? रोज तिकडून येऊ? अब्बा, फिजिक्समध्ये आधीच माझे बारा वाजलेत. इथून उठवलंत तर मी नापास. मग बसवा घरी."

हे शेवटचं वाक्य सुरैयाला धोट्यापेक्षा जास्त लागलं. ती स्वतः बी. ए. होती, इतिहासाची. लग्नानंतर पुढे शिकायचं राहिलं ते राहिलंच. आता एकीकडे पोरीचं डोकं फुटायची भीती, दुसरीकडे पोरगी शिक्षणातून उठायची. मधे उभं होतं ते एक टेबल. ते कुठे ठेवायचं एवढाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी रमशा स्वयंपाकघरात खाली बसून गणितं सोडवत होती. सुरैया भाकरी थापता थापता ऐकत होती. मनोऱ्यावरून चेंडू आडवा फेकला, कड्यावरून दगड फेकला, तोफेतून गोळा सुटला.

"हे सगळं कुठे पडेल तेच काढायचं का?"

"हो."

सुरैयाचा हात थांबला. "मग तोफा कशाला? धोट्याचं काढ ना. तो कुठे पडेल ते कळलं की त्याच्या पुढे टेबल ठेवू."

रमशा हसली. पण पेन्सिल उचलली. तिला एक सूत्र तोंडपाठ होतं, कोनाच्या दुपटीचा साइन घ्यायचं. धोटा सरळ आडवा निघतो, म्हणजे कोन शून्य. शून्याची दुप्पट शून्य, त्याचा साइन शून्य.

"अम्मी, उत्तर शून्य आलं."

"म्हणजे?"

"म्हणजे... तो निघाला तिथेच पडला."

"असं? मग ताग्यात कोण घुसलं, तुझा मामा?"

दोघी खूप हसल्या. सुरैयाने पिठाचे हात पुसून पुस्तक ओढून घेतलं. इंग्रजी तिला हळूहळू वाचता येई, पण इतिहास शिकलेल्या बाईला एक सवय असते, बारीक अक्षरातलं आधी वाचायचं. सूत्राच्या खालीच लिहिलं होतं की वस्तू ज्या उंचीवरून निघाली त्याच उंचीवर परत आली तर हे सूत्र लागू.

"हे तर मैदानातल्या चेंडूचं झालं," ती म्हणाली. "आपला धोटा कमरेइतक्या उंचीवरून निघतो आणि जमिनीवर येतो. हे नाही चालायचं. दुसरं बघ."

दुसरं बघताना सुरैयाला जी गोष्ट सापडली तिने तिची झोपच उडवली. पुस्तक म्हणत होतं की पुढे जाणं आणि खाली पडणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. धोटा कितीही जोरात उडो, खाली यायला त्याला तेवढाच वेळ लागणार जेवढा हातातून सुटलेल्या धोट्याला लागतो.

"हे मला पटत नाही," ती म्हणाली. "जोरात गेलेला जास्त वेळ हवेत राहायला पाहिजे."

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात शून्य पण होतं."

खात्री करायची तर दोन्ही धोटे पडल्याचा आवाज ऐकायला हवा, आणि लूम चालू असताना शेडमध्ये स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. म्हणून शुक्रवारची वाट पाहिली. शेड बंद होती. रमशाने एक धोटा टेबलाच्या कडेवरून टिचकीने आडवा उडवला आणि त्याच क्षणी दुसरा हातातून सोडला. खट्. एकच आवाज. पुन्हा केलं. पुन्हा एकच. मग सुरैयाने टिचकीऐवजी लाटण्याचा फटका दिला. एक धोटा पायाशी पडला, दुसरा शेडच्या मध्यावर जाऊन, आणि आवाज तरीही एकच.

अय्यूब नमाजहून परतला तेव्हा बायको आणि मुलगी डोळे मिटून, कान टवकारून उभ्या होत्या आणि जमिनीवर धोटे विखुरले होते.

"काय चाललंय काय? माझे धोटे फोडता?"

"इकडे या. डोळे मिटा आणि ऐका."

"मी डोळे मिटतो आणि तू मला लाटणं मारतेस, असं ना?"

पण त्याने ऐकलं. मग स्वतःही एकदा मारून बघितलं. मग आणखी एकदा. "अजब आहे," तो बोलला आणि जेवायला आत जायचं विसरला.

आता उरला होता धोट्याचा वेग. तो अय्यूबने झटकन सांगितला, कारण त्याचा सगळा धंदाच पिकवर चालायचा. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक पिक. कारीगर, मिस्त्री, व्यापारी, सगळे पिकच्याच भाषेत बोलत. "मिनिटाला दीडशे पिक."

रमशाने लूमची रुंदी घेतली, दीडशेने गुणली, साठने भागलं. सेकंदाला सव्वातीन मीटर. खाली पडायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. उत्तर आलं, पाच फुटांच्या आत.

"पण तागा तर दहा फुटांवर होता," सुरैया म्हणाली.

"जमिनीवर आपटून उसळला असेल," अय्यूब म्हणाला. "लाकूड उसळतंच. पण उसळल्यावर त्यात मारण्याइतका जोर उरत नाही."

ते सगळ्यांना पटलं. टेबल टोकाच्या लूमपासून आठ फुटांवर, हातातल्या पुस्तकावर उजेड येईल असं मांडलं. पाच फूट गणिताचे आणि तीन फूट काळजीचे, असं सुरैया म्हणाली. रमशा पुन्हा तिथे बसायला लागली. गणितं सुटायला लागली होती. जेवतानाही ती चमचा कुठल्या वेगाने सोडला तर भावाच्या ताटात पडेल ते सांगायची.

भोक पडलेला तो तागा व्यापारी घेणार नव्हता. सुरैयाने तो उशांच्या खोळींसाठी आत आणला आणि कापण्याआधी भोक किती घड्यांपर्यंत गेलंय ते बघायला लागली. पहिल्या घडीवर भोक, दुसरीवर भोक, तिसरीवर. तिने विणायची सुई त्या भोकांतून आरपार घातली आणि तागा होता तसा भिंतीला टेकवून उभा केला.

सुई खाली झुकत होती. बाहेरचं भोक वर, आतलं खाली.

 लाकूड उसळून गुडघ्याइतकं वर आलं तरी पुष्कळ, म्हणजे जमिनीवर आपटून उसळलेला धोटा खालून वर येताना घुसला असता. मग सुई वर बघत असती. हा तर उतरता उतरता घुसला होता. म्हणजे तो उसळला नव्हता. तो दहा फूट हवेतूनच आला होता, आणि तरीही गुडघ्याइतका वर होता.

आणि पोरगी त्याच वाटेत आठ फुटांवर बसली होती.

"रमशा!" ती शेडमध्ये शिरत ओरडली. त्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाणार? तिने सरळ लेकीचा दंड धरून तिला उठवलं. रमशाने सुई बघितली आणि तिचाही चेहरा उतरला. "पण गणित बरोबर होतं, अम्मी. मी तीनदा तपासलं."

"मग आपण त्याला चुकीचं काहीतरी दिलं."

काय चुकीचं, ते शोधायला सुरैया टोकाच्या लूमपुढे जाऊन उभी राहिली. अफजल बिचकला. "भाभी, अब मैं हँडल बंद करता हूँ, क़सम से."

"तू काम कर. मी धोट्याला बघतेय."

पण धोटा दिसत होता कुठे? मधल्या वाटेत काहीच नव्हतं, नुसती धाग्यांची उघडमीट. दिसायचा तो फक्त दोन्ही टोकांच्या पेट्यांमध्ये. डावीकडे चकाकला, उजवीकडे चकाकला. सुरैया ते चकाकणं बघत राहिली आणि तिच्या एकदम लक्षात आलं की पेटीत तो दिसतो कारण तिथे तो थांबलेला असतो. पुढचा फटका बसेपर्यंत तो विसावा घेतो. पिकच्या वेळेतला बराचसा वेळ तो नुसता बसून असतो, आणि पळतो ते उरलेल्या थोड्याशा वेळात, म्हणजे कितीतरी जास्त वेगाने. तिघांनी त्याचा विसावाही पळण्यात धरला होता.

"इतकी वर्षं आम्ही पिकच मोजतो," अय्यूब डोकं खाजवत म्हणाला. "मधे तो थांबतो का पळतो, कशाला कोण विचारतंय?"

आता गणित उलटं मांडायचं ठरलं. वेग ठाऊक नव्हता, पण तागा ठाऊक होता. कमरेच्या उंचीवरून गुडघ्याच्या उंचीवर यायला किती वेळ लागतो ते रमशाने काढलं. तेवढ्या वेळात धोटा दहा फूट गेला, म्हणजे वेग आधीपेक्षा तिप्पट. त्या वेगाने जमिनीवर पडेपर्यंत तो जवळजवळ पंधरा फूट जाणार होता. आणि लूमपासून भिंत बारा फुटांवर.

बाकीची शेड लूमनी भरलेली होती. त्या रांगेत सुरक्षित जागा नव्हतीच. टेबल कुठेही ठेवा.

"म्हणजे कल्याण," रमशा हळूच म्हणाली.

"थांब," सुरैया म्हणाली. "तो कुठे पडेल हे आपण विचारत होतो. त्याला मधेच पाडलं तर?"

लोखंडी पत्रा लावला तर धोटा त्यावरून उसळून कारीगराकडेच परत येईल, असं अय्यूबचं म्हणणं पडलं. मग तोच म्हणाला, "कॅच कसा घेतात? हात मागे घेत. घट्ट हातातून चेंडू सुटतो." लग्नातली जाड सतरंजी माळ्यावर पडून होती. ती दुहेरी करून लूमच्या टोकापुढे सैल टांगली. पुढच्या शुक्रवारी अय्यूबने बाह्या सरसावून, चार पावलं धावत येऊन सगळा जोर लावून धोटा फेकला. सतरंजी पोटात गुद्दा बसल्यासारखी मागे गेली आणि धोटा धप्प करून खाली पडला. "आऊट!" धाकटे ओरडले. सासूबाईसुद्धा टीव्ही सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

शनिवारी लूम सुरू झाले तेव्हा रमशा पुस्तकं घेऊन आली. बघते तर खुर्चीत अम्मी बसलेली.

"अम्मी, ही माझी जागा आहे."

"आधी मी बसते."

"किती वेळ?"

"मला एक सांग," सुरैया तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "तो सरळच निघेल कशावरून? चोच वर करून निघाला तर? सतरंजी माझ्या डोक्याइतकीच उंच आहे."

रमशाने सतरंजीकडे पाहिलं. मग ती टेबलाच्या कडेवर बसली आणि पाठकोरा कागद ओढला. आता कोन शून्य नव्हता. वीस अंशाला तो सतरंजीला लागत होता, पण अगदी वरच्या काठाला. तीस अंशाला तो वरून जात होता. सुरैयाने कागद दोनदा वाचला, बारीक आकड्यांसकट, आणि वर बघितलं. सतरंजीच्या वर, छताच्या तुळईपर्यंत, मोकळी जागा होती.

तिने अफजलला लूम थांबवायची खूण केली. अय्यूब शिडी घेऊन आला, काय झालं हे न विचारता. सतरंजीला वरून जोडलेल्या दोन जुन्या गोधड्या, असं सगळं तुळईपर्यंत चढलं. अफजलने लूम सुरू केला. सुरैया परत खुर्चीत बसली आणि तीस अंशाचं गणित तिने स्वतः एकदा करून बघितलं. चुकलं. रमशाने वरून बोट ठेवून कुठे ते दाखवलं. पुन्हा केलं, तेव्हा जमलं.

मग ती उठली, ओढणीने खुर्ची पुसली आणि लेकीसाठी मागे ओढली.