न दिसणारं चित्र

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे मी चेन्नईत वाढलो आणि तिथल्याच पोलिसांत भरती झालो. त्यामुळे मराठी माणसाची तक्रार आली की ती माझ्या टेबलावर यायची.

वेस्ट मांबलममधल्या एक बाई भाचीला घेऊन ठाण्यात आल्या. भाची नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून गुपचूप आत्याकडे आली होती. नवरा संगणकातला माणूस. तो ईमेल पाठवत होता, ही उत्तर देत नव्हती. तरी ताज्या मेलमध्ये त्यानं लिहिलं होतं, "काल दुपारी माझं पत्र दोनदा वाचलंस. सिरुसेरीच्या ऑफिसात बसून. आता समोरासमोर बोलू."

"मग मेल उघडता तरी कशाला?" मी विचारलं.

"त्याचा राग किती चढलाय ते कळलं की जरा झोप लागते," ती म्हणाली. बोलताना ती सारखी दाराकडे बघत होती.

सिरुसेरीची नोकरी तिला आत्याच्या मुलानंच लावून दिली होती. ऑफिस ठाऊक असलेला घरातला तेवढाच एक, त्यामुळे संशय त्याच्यावर गेला. मी त्याला बोलावून घेतलं, फोन तपासला, तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. त्याची आई, म्हणजे आत्याबाई, शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खरं सांग बाबा, तिच्या जिवाचा प्रश्न आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. "आई, तूसुद्धा?" एवढंच बोलला. जबाबावर सही केली आणि त्या दिवसापासून मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

मला चैन पडेना. घरभेदी ऑफिस सांगेल, पण पत्र दोनदा वाचल्याचं त्याला कुठून कळणार? मी तो मेल सायबर शाखेतल्या महिला उपनिरीक्षकांपुढे ठेवला. त्यांनी मेलमागचा मजकूर उघडला.

"सार, यात एक चित्र आहे. ठिपक्याएवढं, पारदर्शक, डोळ्याला दिसणार नाही. मेल उघडला की आपला संगणक ते चित्र मागायला त्याच्या सर्व्हरकडे जातो. किती वाजता मागितलं, कुठल्या नेटवर्कवरून, सगळं तिथं नोंदलं जातं. हिच्या ऑफिसचं नेटवर्क कंपनीच्या नावावर आहे. शोधायला कितीसा वेळ लागतो?"

म्हणजे पोरगी गप्प बसत होती आणि तिचा संगणक पत्ता सांगत होता.

खात्री करायला हवी होती. अंबत्तूरमधल्या एका कारखान्याचं इंटरनेट कारखान्याच्याच नावावर होतं. मालकाची परवानगी आणि भाचीचा पासवर्ड घेऊन पुढचा मेल आम्ही तिथं उघडला. कुठं उघडणार ते घरात कुणालाही कळू दिलं नाही, भाचीला रजा टाकायला लावून घरी बसवलं. लगेच दुसरा मेल आला, "अंबत्तूरला नोकरी धरलीस? बरं केलंस."

आतेभाऊ संशयातून सुटला. पण आता तो माणूस येणार, हेही नक्की झालं. साध्या वेशातली माणसं मी कारखान्याच्या फाटकावर लावली. दुचाकी थांबली की मी आधी चालवणाऱ्याचे हात बघायचो. पोलीस झालो म्हणून काय झालं, भीती वाटतेच. शेवटी शिफ्ट सुटायच्या गर्दीत तो आला. सुटणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा निरखत होता. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी सापडली.

अटकेची बातमी द्यायला मी स्वतः घरी गेलो. भाची रडली. आत्याबाईंनी मला कॉफी दिली, स्वतः मात्र उभ्याच राहिल्या.

त्या प्रकरणात मी एक गोष्ट शिकलो. संशय लांबचा रस्ता धरत नाही, जो हाताशी असतो त्यालाच आधी पकडतो. आरोपीला शिक्षा होते, पण निर्दोष माणसाला विचारलेला प्रश्न मागे घेता येत नाही.

निघताना आत्याबाई जिन्यापर्यंत आल्या. "पकडलात, उपकार झाले," त्या म्हणाल्या. "पण माझा मुलगा अजून घरी जेवायला येत नाही, साहेब. त्याची तक्रार मी कुठं देऊ?"