समोरच्या दारातली खाला

अख्ख्या शिळफाट्यावर आमच्या समोरच्या खालाइतकी सुखी बाई दुसरी नव्हती, आणि हे सुख तिला कशाच्या जोरावर मिळत होतं याचा पत्ता आमच्या इमारतीत कुणालाच लागला नव्हता. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन कर्जतला, त्यात साखरेचा आजार. तरी दूध नासलं तर पनीर झालं म्हणून शुकर, वीज गेली तर टीव्हीवरचं भांडण थांबलं म्हणून शुकर. नुसते असे अल्लाचे आभार मानून भागत नसे. कुराणातल्या कुठल्या ना कुठल्या नबीची, म्हणजे प्रेषिताची गोष्ट तिला त्या प्रसंगाला जोडावीच लागे. नळाला पाणी कमी आलं की आम्ही बायका जिन्यात कुरकुरत असू, तेव्हा ही बादली उचलत म्हणायची, "नूह नबीच्या येळी येवढं पानी आलं का जहाज बांधावं लागलं. आपलं बादलीत मावतंय, शुकर करा गं!" तिच्या उंबऱ्यावर मुंग्यांची कायम रांग, आणि गॅसवाल्याने सिलिंडर खांद्यावर घेऊन ती ओलांडायची असा नियम. "सुलेमान नबी येवढा मोठा बादशा, मुंगीचं बोलणं ऐकून हसला, अल्लाचे आभार मानले. आनि आपण पावडर मारायची?"

एकदा ती, मी आणि सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये अडकलो. मिट्ट काळोख. सेक्रेटरींना घाम फुटलेला. खाला मात्र शांत. "युनूस नबी तर माशाच्या पोटात होता. आपल्याकडं निदान मोबाईलची बत्ती हाय." मग जरा थांबून म्हणाली, "त्यानं आपली चूक कबूल केली तवा सुटला. बोला, हितं कोनाची चूक हाय?" घाम पुसत सेक्रेटरी पुटपुटले, "लिफ्टचं सर्व्हिसिंग मीच पुढं ढकललं." आणि खरंच सांगते, दिवा लागला.

पण या शुकरनेच एकदा घात केला. तिच्या पावलाला पट्टी बांधलेली मला दिसली. विचारलं तर म्हणाली, "चप्पल लागली. पन जरा बी दुखत नाय बघ, शुकर!" साखरेच्या माणसाची जखम दुखत नाही हीच भीतीची गोष्ट, हे माझ्या वडिलांच्या आजारपणात मी शिकले होते. पट्टी सोडायला लावली, तर दोन बोटं काळी पडलेली. तिच्या मुलीला फोन केला, खालाला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. दोन बोटं काढावी लागतील, पाऊल वाचेल की नाही ते नंतर कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

बोटं काढल्यावर मी भेटायला गेले, तर खाला भिंतीकडे तोंड करून पडलेली. मुलगी बाहेर औषधं आणायला गेली होती. मी कॉटवर टेकले. ती हळूच म्हणाली, "आज तोंडातनं शुकर येत नाय गं. अल्ला काय म्हनंल?"

तिला सांगण्यासारखं माझ्याकडे जे होतं ते तिचंच होतं.

"खाला, अय्यूब नबीची गोष्ट तूच सांगितलीस ना? एवढा सोसणारा माणूस, तोही म्हणालाच की, देवा, मला त्रास होतोय."

"म्हनाला," ती म्हणाली.

"मग देव रागावला?"

"नाय. बरा केला त्याला." एवढं बोलली आणि माझा हात घट्ट धरून लहान मुलीसारखी रडली. मीही रडले. मुलगी औषधं घेऊन आली तेव्हा आम्हा दोघींना पाहून दारातच घाबरून उभी राहिली. खाला डोळे पुसत म्हणाली, "काय नाय झालं. चाय बघ कुठं मिळते का."

पाऊल वाचलं. पण तिला एकटीला ठेवायला मुलगी तयार होईना, म्हणून खाला कर्जतला गेली. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे जाऊन आले. निघताना नको नको म्हटलं तरी ती काठी टेकत फाटकापर्यंत आली. "तुझ्याबिगर करमत नाय गं," म्हणाली, आणि मी वळणावर जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. माझ्या घरात देव्हारा नाही, बुद्धाची तसबीर आहे. अशा वेळी आभार नेमके कुणाचे मानायचे ते मला ठाऊक नाही. पण ती स्वतःच्या दोन पायांवर उभी होती, आणि मी ते मानले.