कल्याणची मिरी, ठाण्याचं निनाव

वडिलांचा ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. पेज पुढे आली की ते तिच्याकडे नकोशा पाहुण्याकडे बघावं तसे बघत आणि वाटी सरकवून देत. दिवसेंदिवस वाळत चालले होते. वैद्य म्हणाले, "पोटात अन्न गेलं नाही, तर माझ्या मात्रा काय करणार?" आईनं निनाव करायला घेतलं.

गव्हाचं आणि हरभऱ्याचं पीठ तुपात भाजायचं, गूळ आणि नारळाच्या दुधात आटवायचं, मग पातेल्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून दोन्ही अंगांनी खरपूस करायचं. श्रावणात आमच्याकडे निनाव व्हायचंच, आणि वडिलांचा त्यावर जीव.

माझं लग्न नुकतंच झालेलं. बायको कल्याणची. ठाण्याहून आगगाडीनं जवळच, पण स्वयंपाकापुरती मधे अख्खी खाडी. माझ्या वडिलांनी तिचा आवाज अजून ऐकला नव्हता, रीतच तशी. माझ्याशीही दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती. आईला मात्र ती हळूच म्हणाली,

"यात मिरी घालू का? आमच्याकडे घालतात."

"गोडात मिरी? देवाला ठसका लागेल गं."

"तोंडाला चव येते म्हणे."

"ती कल्याणात. इथे जायफळ घालतात."

आई फुलं काढायला परसात गेली. माझी अंघोळ व्हायची होती, म्हणून मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर उगाच रेंगाळत होतो. बायकोनं माहेरची पुडी सोडली, मिरी खलात टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. मी ताबडतोब खड्या आवाजात स्तोत्र सुरू केलं. बत्त्याचा ठोका पडला की माझा सूर आणखी चढे.

"आज अंघोळीआधीच भक्ती उतू चालली का रे?" आई परसातून म्हणाली.

मिरपूड पातेल्यात गेली, झाकण बसलं, निखारे चढले. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की मिरी किती पडली हे कळायला मार्ग नाही. नैवेद्याआधी चाखायचं नाही, बोटसुद्धा चाटायचं नाही. ती झाकणाकडे बघत बसली आणि मी तिच्याकडे.

नैवेद्य झाला. देव काही खोकला नाही.

वडिलांच्या पानात आईनं सुपारीएवढी वडी वाढली. त्यांनी ती तोंडात टाकली आणि चावता चावता थांबले. कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं, मग असा ठसका लागला की पाट हलला. दाराआड बांगड्या किणकिणल्या आणि गप्प झाल्या.

"हे कोणी केलं?"

आईनं पातेल्याचा वास घेतला, दाराकडे पाहिलं.

"मीच. हात जड पडला."

"इतकी वर्षं तुझं निनाव खातोय. हे तुझं नव्हे." वडिलांनी नाक पुसलं आणि रिकामं पान पुढे केलं. "सूनबाईंना विचार, आणखी आहे का."

आई विचारणार, तोच दाराआडून आवाज आला, "आहे, मामंजी. पुष्कळ आहे."

वडील त्या आवाजाकडे वळले आणि हसले. आजारपणात आम्ही त्यांचं हसू विसरूनच गेलो होतो. त्यांनी पुन्हा वाढून घेतलं, ठसकले, पाणी प्यायले, परत घास उचलला. आई पातेलं घेऊन आत जाताना उंबरठ्याशी माझ्याजवळ क्षणभर थांबली. डोळे पदरानं टिपत म्हणाली, "जा, आता तरी अंघोळ कर."