सोन्याची रांग आणि हत्तीची सोंड

आमचा निखिल हिंजवडीत संगणकावर बसतो. वर्षाकाठी एकदा त्याची कंपनी सगळ्यांना जहाजावर नेते, आणि तिथेही ते संगणकावरच बसतात. अशा काही सहली झाल्यावर जहाजवाल्यांनी त्याला गोल्ड मेंबर केलं. मुलाच्या सोन्यात आई-वडीलही चालतात, हे त्याला कुठल्याशा ईमेलवरून कळलं आणि आम्हाला न विचारता त्याने तिकिटं काढली. मुंबई, गोवा, मग एक दिवस नुसता समुद्र आणि परत मुंबई.

"गोव्याला स्वारगेटहून रात्रीची बस जाते," मी म्हटलं.

"बाबा, बसमध्ये गोल्ड मेंबर नसतात."

"नसतात म्हणून ती सकाळी पोचते."

तेवढ्यात कुमुद, म्हणजे आमची सौभाग्यवती, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, जाऊ या. तुमच्या दुकानाच्या एक ते चारच्या सुट्टीत मावेल एवढंच जग बघितलंय मी आजवर." यावर कुणाचं काही चालत नाही.

दुकान म्हणजे बुधवार पेठेतलं माझं दुरुस्तीचं दुकान. रेडिओपासून सुरुवात केली, मग टेप आले, टीव्ही आले, आता नुसते चार्जर येतात. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं बिघडलेल्या वस्तूंनी शिकवलं. हा ब्लॉगही नातीने एकदा दाखवला आणि मी बिघडवत बिघडवत शिकलो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं. आमच्या घरात कोरडं कौतुक करत नाहीत. आई म्हणायची, चांगलं म्हटलंस की लगेच एक खोट काढ, म्हणजे नजर लागत नाही. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात ना, तशी ही शब्दाची तीट. निखिलला दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा मी म्हटलं होतं, "छान, पण अक्षर सुधार." त्याने ते इतकं मनाला लावून घेतलं की अक्षरच सोडून दिलं आणि संगणक धरला.

तर, बिबवेवाडीतून सकाळी सहाला गाडीने निघालो. दुपारी जहाजावर चढायचं असेल तर एवढ्या लवकर निघाच, घाटात काय वाढून ठेवलंय सांगता येत नाही. एक्सप्रेसवेवरच्या फूडमॉलमध्ये वडापाव खाऊ नका. त्या पैशात पुण्यात थाळी येते. आम्ही गुळाच्या पोळ्या नेल्या होत्या, त्या गाडीतच संपवल्या, कारण बंदरात बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत. तपासणीला कुमुदची विजेची किटली गेली आणि माझ्या खिशातला टेस्टर गेला. टेस्टर गेल्यावर मला अंगावर कपडे नसल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी दोन्ही परत मिळतं, पावती जपून ठेवा.

मग गोल्डची रांग. गळ्यात सोनेरी फीत घातली की वेगळ्या, मानाच्या रांगेत उभं राहायला मिळतं. त्या रांगेचं शेपूट पार फाटकापर्यंत गेलं होतं. शेजारची साधी रांग जवळजवळ रिकामी. तिच्यातले लोक आमच्याकडे कीवेने बघत आत जात होते.

"आपण त्यांच्यात जाऊ या का?" मी फीतवाल्या मुलीला विचारलं.

"सर, तुम्ही गोल्ड आहात," ती हसून म्हणाली. म्हणजे नाही.

खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी, पण तिला गोल खिडकी आणि खिडकीत अख्खा समुद्र. पलंगावर पांढऱ्या टॉवेलचा एक हत्ती बसला होता. डोळ्यांना दोन काळी बटणं. टेबलावर गोल्डची भेट म्हणून दोन सफरचंदं आणि एक कार्ड: 'प्रिय निखिल.'

दार वाजलं. तिशीतला एक मुलगा, पोटाशी हात बांधून उभा. "मी प्रवीण. तुमची खोली माझ्याकडं आहे जी."

"मराठी? कुठला रे तू?" कुमुदने विचारलं.

"यवतमाळचा, काकू. कात्रजले खोली घेऊन हॉटेलचा कोर्स केला."

"यवतमाळला कुठला समुद्र?" मी म्हटलं.

"नाही ना, काका. म्हणून तं आलो पाहाले."

हत्ती त्यानेच केलेला. कुमुदला तो इतका आवडला की तिने तो मोडू दिला नाही, आणि अंग पुसायला दुसरा टॉवेल मागावा लागला.

जहाजावरच्या सेवेबद्दल एवढंच सांगतो की तिची सवय व्हायला वेळ लागतो. मी पेठेत दुकान चालवलेला माणूस. गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघितलं तरी आमच्याकडे ते आदरातिथ्य. इथे दर दहा पावलांवर कुणीतरी हसून विचारायचं, "सर, सगळं छान ना?" पहिल्या दिवशी मी थांबून खरं उत्तर द्यायचो. नंतर कळलं, उत्तराची वाट कुणी बघत नाही. कुमुदची तऱ्हा वेगळी. सकाळी उठून तिने पलंग स्वतः आवरला, चादरींच्या घड्या घातल्या, न्हाणीघर पुसून काढलं. प्रवीण आला तर त्याला काही कामच नाही.

"काकू, मी काय करू आता?"

"बस. खिडकीतून बघ जरा."

खाणं तिकिटात आहे आणि भरपूर आहे. पाण्याची बाटली, वायफाय आणि सरबत तिकिटात नाही. चहा आहे, पण त्याला उकळी नाही. कप गरम पाण्याचा, पिशवी वेगळी, दूध वेगळं, आणि तिघांची ओळख कुणी करून देत नाही. उलटीच्या गोळ्या पुण्याहूनच घ्या. आम्हाला आलेपाकावर भागलं.

दुसऱ्या दिवशी मुरगाव बंदर. जहाजाने गोव्याला जाणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी: उतरल्यावर आधी दिसतो तो मालधक्का. क्रेन, ट्रक आणि लोखंड. मला आवडला, पण कुमुदने नारळाची झाडं गृहीत धरली होती. जहाजवाल्यांची सहल घेतली तर बस धक्क्यावरच मिळते. बाहेर पडून टॅक्सी केलीत तर स्वस्त पडते, पण वेळेत परत या, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही, गोल्डसाठीसुद्धा. गोल्डची बस वेगळी होती. सगळे गोल्ड गोळा होईपर्यंत ती सर्वांत शेवटी सुटली. जुन्या गोव्यातलं चर्च पाच मिनिटं, मंदिर पाच मिनिटं, आणि काजूच्या दुकानात तासभर. मी गाइडला म्हटलं, "देवापेक्षा काजू मोठे का?" तो म्हणाला, "सर, देव कुठे जात नाही, ऑफर आजच आहे." कुमुदने आमसुलं घेतली.

संध्याकाळी गोल्ड मेंबरांचं खास चहापान. तिथे खोल्यांच्या खात्याचे मॅनेजर, उंच, पातळ, कडक इस्त्रीचे गृहस्थ, एकेकाला विचारत फिरत होते. माझ्याकडे आले. हिंदीत बोलले, मी मराठीत लिहितो.

"सर, तुमच्या खोलीचा मुलगा कसा आहे?"

"प्रवीण? फार चांगला मुलगा. स्वच्छ, हसतमुख, घरच्यासारखा." एवढं बोलल्यावर आईची आठवण झाली. अंगाला तीट हवी. "पण हत्तीची सोंड जरा आखूड करतो."

मॅनेजरांनी मान हलवली आणि हातातल्या पाटीवजा यंत्रावर काहीतरी टिपलं. मला वाटलं, प्रवीणचं बरं झालं.

तिसरा दिवस, नुसता समुद्र. सकाळी प्रवीण चहा घेऊन आला तर चेहरा उतरलेला. काखेत टॉवेलांचा गठ्ठा.

"काय रे, बरं नाही का?" कुमुद म्हणाली.

"काही नाही, काकू."

"बस इथे आणि सांग."

"मॅनेजर सायबानं बलावलं होतं. कोन्या गोल्ड मेंबरनं तक्रार केली म्हणे, हत्तीची. मुंबईले पोचलो का मले खाली लाँड्रीत धाडणार." तो गठ्ठ्याकडे बघत होता. "वर्षभर होतो जी तिथं. पाण्याच्या खाली. खिडकी नाही, फोनले रेंज नाही. पोरीनं मले वर्षभर फोटोतच पाह्यलं. आता वर आलो तं बंदर लागलं का व्हिडिओ लावतो. चालाले लागली ना ती आता."

तो गेला. माझा चहा हातातच राहिला.

"अहो," कुमुद म्हणाली, "तुम्ही तीट लावलीत?"

"लावली."

"परक्या पोराला?"

"आपला वाटला म्हणूनच लावली. परक्याला कोण लावतं?"

"मग जा आणि पुसून या."

गोल्डच्या काउंटरला खुर्ची असते, हा त्याचा एक फायदा. खुर्चीत बसून तासभर थांबल्यावर मॅनेजर आले.

"सर, तुमच्या सूचनेची आम्ही गंभीर दखल घेतली आहे."

"सूचना नव्हती हो. कौतुक होतं."

"सोंड आखूड हे कौतुक?"

मी त्यांना आई, बाळ, काजळ, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "सर, गोल्ड मेंबरचं 'पण' थेट मोठ्या ऑफिसात जातं, ते मला पुसता येत नाही. मात्र आज संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम आहे. कप्तानासमोर माइकवर तुम्ही त्याच्याबद्दल बोललात, तर तेही ऑफिसात जातं आणि आधीचं मागे पडतं. फक्त त्यात 'पण' नको."

"पण..."

"हेच ते, सर."

दुपारी डेकवर कुमुदने सराव घेतला. "म्हणा, प्रवीणचं काम उत्तम आहे."

"प्रवीणचं काम उत्तम आहे, प..."

"गिळा."

तिसऱ्या खेपेला जमलं. ती म्हणाली, "आता माझ्या आमटीवर करून बघा."

"आमटी उत्तम असते." ती वाट बघत राहिली. वारा होता, समुद्र होता. "कधीकधी चिंच जरा..."

"राहू द्या. प्रवीणचंच म्हणा."

संध्याकाळी मोठ्या सभागृहात गाणीबजावणी झाली आणि माइक गोल्डकडे आला. मी उभा राहिलो. दाराशी सगळे सेवक ओळीत उभे होते, त्यांत प्रवीणही. मी म्हटलं, "आमच्या खोलीचा प्रवीण. असं मन लावून काम करणारा मुलगा मी पाहिला नाही. त्याचं काम उत्तम आहे."

'पण' घशाशी येऊन उभं होतं. गिळावं तर गिळत नव्हतं, आणि इतक्या लोकांसमोर पोराला उघडं ठेवून खाली बसवतही नव्हतं. मग मला सुचलं की तीट लावायचीच तर एवढं मोठं जहाज आहे की.

"जहाजाचं म्हणाल," मी पुढे म्हटलं, "तर चहाला उकळी नाही. सोन्याची रांग साध्या रांगेपेक्षा लांब आहे. गोव्यात देवाला पाच मिनिटं आणि काजूला तास मिळतो."

मागून कोथरूडचे एक गृहस्थ बसल्या जागेवरून म्हणाले, "आणि जिन्यातली गाणी बंद करा." एक बाई म्हणाल्या, "वरणात साखर घालतात." एवढा वेळ टाळ्यांना हात न हलवणारी मंडळी आता जीव तोडून टाळ्या वाजवू लागली.

मॅनेजर माझ्याजवळ आले. मी भीतभीतच बघितलं, तर गृहस्थ खूश. "चहा किचनचा, रांग बंदराची, काजू सहलवाल्यांचे," ते हळूच म्हणाले. "माझ्या खात्यात फक्त प्रवीण, आणि त्याला 'पण' नाही. तो वरच राहील."

खोलीत आलो तर पलंगावर नवा हत्ती. बिचाऱ्याने दिवसभर सराव केला असावा. सोंड पलंगावरून खाली उतरून गालिच्यापर्यंत पोचली होती.

कुमुदने पर्स उघडली. "भर सभेत त्या पोराला एवढं चांगलं म्हणालात. जहाजाला लावून त्याला काय उपयोग?" असं म्हणत तिने करंगळीने हत्तीच्या गालावर काजळाचा ठिपका ठेवला.

चौथ्या सकाळी बिल दाराखाली सरकवलेलं. त्यात शेवटची ओळ: टॉवेल, डाग. प्रवीण ओशाळला. "काका, तो डाग नाही निघत जी. मी लाँड्रीत होतो, मले माहीत आहे."

टॉवेलावर गोल्ड मेंबरांना दहा टक्के सूट होती. संपूर्ण सहलीत सोन्याचा रोख फायदा तो एवढाच. पैसे भरले म्हणजे टॉवेल आपला, म्हणून आम्ही तो घेतला. प्रवीणने तो एकदा उलगडून आणि पुन्हा बांधून दाखवला. मला उघडून जोडायची जन्माची सवय, एका खेपेत आलं.

उतरताना तो कुमुदच्या पाया पडला. टेस्टर गेल्याचं दुःख मी त्याला रोज ऐकवलं होतं. मला म्हणाला, "काका, पुन्हा या. पण तो टेस्टर घरी ठेवून या."

जावं का, असं विचाराल तर जावं. साधं तिकीट काढा, आलेपाक न्या, काजू घेऊ नका. चहाची सोय आपली आपण बघा. निखिलचा फोन आला होता. मौल्यवान अभिप्रायाबद्दल जहाजवाले त्याला आता प्लॅटिनम करणार आहेत. त्यांची रांग कुठपर्यंत जाते कोण जाणे.

परवा प्रवीणचा फोटो आला. मागे गोल खिडकी, आणि हातातल्या फोनवर दोन दात दाखवणारी एक मुलगी. कुमुदने तो मोठा करून करून बघितला.

हत्ती मी दुकानात काउंटरवर बसवलाय. सोंड गल्ल्यापर्यंत येते. काल एक गृहस्थ चार्जर न्यायला आले, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

"कुणी केलाय?"

"आमचा एक मुलगा आहे, जहाजावर असतो."

"बरा आहे," ते म्हणाले. "पण सोंड जरा लांब झाली."

मी त्यांना बसायला स्टूल दिलं. बुधवार पेठेत गिऱ्हाइकाला स्टूल मिळणं म्हणजे काय, ते गोल्ड मेंबरांना कळायचं नाही.